विहिरीच्या भिंतीवरच्या खुणा

माझं माहेर साताऱ्याचं. वडील हायस्कुलात गणित शिकवायचे आणि घरी आल्यावर आम्हां बहिणींनाही सोडायचे नाहीत. परसातल्या हौदात नळ सोडायचा, हातात घड्याळ घेऊन काठावर बसायचं, दर थोड्या वेळानं पाणी किती चढलं ते पट्टीनं मोजायचं आणि चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायचा. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ पाण्याची. चार-पाच ठिपके एका सरळ रेषेत आले की ते म्हणायचे, "आता हौद भरेपर्यंत बसायचं कारण नाही. पट्टी लाव, रेघ पुढं ओढ आणि कधी भरेल ते आत्ताच सांग." मी सांगायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं. मला तो खेळच वाटायचा.

मॅट्रिकच्या आधी माझं लग्न झालं आणि मी जतच्या बाजूच्या एका खेड्यात आले. नवरा फौजेत लॉरी चालवायचा. लग्न झालं आणि महिन्याभरात रजा संपून तो गेला, तो लढाई संपल्यावरच परत आला. मधली वर्षं मी सासू-सासऱ्यांजवळ काढली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो, सासऱ्यांना मामंजी. मामंजींसमोर पदर घेऊन उभं राहायचं, विचारलं तर खाली बघून उत्तर द्यायचं, आपण होऊन बोलायचं नाही, असा रिवाज. त्या काळात मी त्यांच्याशी सलग चार वाक्यं बोलले असेन असं वाटत नाही. नवरा परत आला तेव्हा तोही मला जवळजवळ परकाच होता.

आमची जमीन चांगली, पण पाणी नाही. ज्वारी आली तर आली. विहीर होती, पण उन्हाळ्यात तिच्या तळात नुसती ओल राहायची. नवऱ्यानं फौजेतून आणलेला पैसा मामंजींनी त्या उन्हाळ्यात विहिरीत घातला. वडारांची टोळी आणली आणि तळातला काळा खडक सुरुंग लावून फोडायला घेतला. सुरुंगाचा आवाज झाला की मामंजी सगळ्यांच्या आधी काठावर जाऊन वाकून बघायचे. वडारांचा म्होरक्या वयानं मोठा, कमी बोलणारा माणूस होता. तो त्यांना हाताला धरून मागं ओढायचा.

ज्या सकाळची ही गोष्ट, तिच्या आदल्या संध्याकाळी शेवटचे सुरुंग उडाले होते. सकाळी वडार दगड काढायला उतरले आणि मामंजीही मागोमाग उतरले. तळाच्या एका बाजूला खडकाला भेग पडली होती आणि भेगेतून पाणी पाझरत होतं. मामंजींना दम निघाला नाही. त्यांनी पहार घेतली आणि भेगेपुढचा मोठा धोंडा हलवायला गेले. धोंडा हलला, घसरला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दाबून बसला. त्याच्या मागं जे कोंडलेलं होतं ते मोकळं झालं. झरा फुटला.

मी आणि आत्याबाई भाकरी घेऊन शेतावर येत होतो. ओरडा ऐकून पळत काठावर गेलो. खाली बघितलं तर मामंजी तळात बसलेले, एक पाय धोंड्याखाली, आणि त्यांच्या कमरेशी पाणी. वडारांनी दोन पहारी घालून धोंडा उचलायचा प्रयत्न केला. धोंडा तसूभर हलला आणि परत बसला. मामंजी असे ओरडले की आत्याबाई मटकन खाली बसल्या.

"असं जमायचं न्हाई," म्होरक्या खालून म्हणाला. "ह्यो धोंडा मागनं मोकळा हाय. पहार घातली की त्यो ह्येंच्या पोटावर येतोय."

नवरा पायऱ्या उतरून खाली गेला होता. त्यानं धोंड्याभोवती हात फिरवून बघितलं आणि वर आला. अंगावरचे कपडे भिजलेले, तोंड पांढरं पडलेलं.

"मोटारीचा ज्याक लागंल," तो म्हणाला. "सरळ वर उचलाया पायजे, वढून न्हाई. जतला मिळंल. मी जातो."

"जाऊन येस्तवर पानी थांबतंय व्हय?" हे चुलत सासरे. त्यांचं शेत आमच्या शेजारी. आवाज ऐकून तेही धावत आले होते.

 नवऱ्यानं शेजारच्या पडवळांच्या मळ्यातली सायकल मागून घेतली तरी जतला जाऊन परत यायला दोन तास तरी लागणार होते. तोवर पाणी कुठवर येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रत्येकजण खाली बघून अंदाज करत होता आणि भीतीनं प्रत्येकाचा अंदाज वेगळा येत होता.

मामंजींची पैरण आणि चंची काठावर पडली होती. मी चंचीतली चुन्याची डबी काढली आणि पायऱ्या उतरायला लागले. कुणीतरी "अगं, अगं" म्हणालं. मी थांबले नाही. विहिरीला खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर बसून मी पाण्याच्या काठाशी भिंतीवर चुन्याचं बोट ओढलं. मग वर बघून नवऱ्याला हाक मारली. लोकांसमोर त्याला हाक मारायची ही माझी पहिलीच वेळ.

"आवं, घड्याळ द्या."

फौजेतलं मनगटी घड्याळ त्याच्या हातात होतं. त्यानं ते काढून दिलं. पाव तास आम्ही थांबलो. तो पाव तास मला आजही नीट आठवतो, कारण त्यात काहीच केलं नाही. नुसतं बघत बसलो. वरचे लोक चिडून बोलत होते की ही पोरगी काय खेळतीय. पाव तास झाला तेव्हा पाणी माझ्या खुणेवर चार बोटं चढलं होतं. मामंजींच्या हनुवटीच्या उंचीवर भिंतीला दुसरी खूण करून ती पहिलीपासून किती उंच ते मी हातानं मोजून घेतलं होतं. सव्वीस बोटं.

"दीड तास," मी नवऱ्याला म्हणाले. "असंच चढत राहिलं तर दीड तासात हनुवटीला लागेल. तुम्ही पोचणार नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी कधी असं बोलेन हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मोट लावली तर?"

"मोट लावा. मग परत मोजते. पण तुम्ही थांबू नका. निघा."

तो वर गेला. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पान्याचं हिला इचारा." आणि सायकलसाठी पळत सुटला. घड्याळ माझ्याकडंच राहिलं.

आमची बैलजोडी मोटेला लावली. सुरुंगानं एका कोपऱ्यात खोल डबरं पडलं होतं, त्यात मोट नीट बुडत होती. तिथून ती भरून वर जायची आणि पाटात रिकामी व्हायची. मी पायरीवरच्या सपाट दगडावर वडारांच्या चुलीतल्या कोळशानं दोन रेघा ओढल्या, आडवी घड्याळाची, उभी बोटांची, आणि पहिले दोन ठिपके दिले. एक मोट चालू असताना पाणी पाव तासाला अडीच बोटं चढत होतं. पुढच्या पाव तासालाही अडीचच. म्हणजे एका मोटेनं दीड बोटाची चढण कमी केली होती. दुसरी मोट लावली तर आणखी दीड कमी व्हायला हवी. राहील एक बोट. मी हा हिशोब पुन्हा पुन्हा केला, कारण स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

मी वर ओरडून चुलत सासऱ्यांना म्हणाले, "दुसऱ्या धावेवर तुमची मोट लावा. मग तीन-चार तास तरी मिळतील."

चुलत सासरे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी गडी पाठवला. त्यांची मोट आणि बैल आले. दोन्ही मोटा चालू झाल्या. पाव तासानं मी खुणेशी बोट लावून बघितलं. पाणी एकच बोट चढलं होतं. ठिपके आता जवळजवळ आडवे चालले होते. मी कोळसा धरून रेघ पुढं ओढली. ती हनुवटीच्या खुणेला लागत होती ती दुपार कलल्यावर. तोवर नवरा नक्की परत येईल.

मामंजी मला बघत होते. म्होरक्या त्यांच्या मागं पाण्यात बसून त्यांना पाठीशी धरून होता. त्यांचा चेहरा दुखण्यानं राखेसारखा झाला होता.

"पोरी," ते म्हणाले. "खरं सांग. किती येळ हाय?"

मी पदर सावरला, मग सोडून दिला.

"दोन्ही मोटा अशाच चालल्या तर पुष्कळ वेळ आहे, मामंजी. ते ज्याक घेऊन येतील तोवर आहे."

"आन न्हाई चालल्या तर?"

"तर नाही."

त्यांनी मान हलवली. मग ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. "गोड हाय," ते म्होरक्याला म्हणाले. "गड्या, पानी गोड हाय रं."  म्होरक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग बराच वेळ फक्त मोटांचा आवाज होता. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, मोटेचा दोर, म्हणजे नाडा, ताणला जायचा, मोट खळकन ओतली जायची, बैल मागं सरकत यायचे. गावातले लोक जमत गेले. कुणी मोटेवर बसलेल्याला बदलत होतं, कुणी बैलांना पाणी दाखवत होतं. मी दर पाव तासाला ठिपका देत होते. प्रत्येक ठिपका रेघेवरच पडत होता. ऊन विहिरीच्या भिंतीवरून खाली सरकत माझ्या पायरीवर आलं. वडार मामंजींच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवत होते. त्यांचं बोलणं कमी झालं होतं. ते मधेच डोळे मिटायचे आणि म्होरक्या त्यांना हलवायचा.

मग एक ठिपका चुकला.

पाणी पाव तासात दोन बोटं चढलं होतं. मला वाटलं मोजण्यात चूक झाली. मी परत खुणेवर हात लावला. दोनच. आता हनुवटीपर्यंत फक्त सात बोटं उरली होती. पाणी मामंजींच्या छातीच्या वर होतं. झरा वाढला की काय? तसं असेल तर आमच्या हातात काहीच नव्हतं. मग मी कान दिला. मोटांचा आवाज बदलला होता. दोन ओतण्यांमधली वेळ लांबली होती. मी वर बघून विचारलं, "बैल थकले का?"

"थकतील न्हाई तर काय," वरून गडी म्हणाला. "उनाचं त्वांडाला फेस आलाय. हानून हानून चाललेत."

झरा तोच होता. मोटा मंदावल्या होत्या. पण वेळ तेवढाच कमी झाला. पाव तासाला दोन बोटं, म्हणजे तासही उरला नव्हता. आणि नवऱ्याचा पत्ता नव्हता. त्यानं यायला हवं होतं ती वेळ टळून गेली होती.

चुलत सासऱ्यांनी वरून खाली बघितलं. त्यांनाही पाणी दिसत होतं, त्याला घड्याळ लागत नव्हतं.

"बास झालं," ते ओरडले. "मानंला आलं पानी. नाडा सोडा मोटंचा, धोंड्याला बांधा. पन्नास मानसं हायती. समदी मिळून वढू. निघंल त्यो."

लोकांनाही तेच हवं होतं. उभं राहून बघण्यापेक्षा काहीतरी ओढावं असं सगळ्यांना वाटत होतं. चार जण नाड्याकडं धावले.

"कुनीकडं वढाल?" म्होरक्या खालून ओरडला. "वर वढाल तर धोंडा फिरंल. ह्येच्या अंगावर येईल."

"मग बुडू द्यू व्हय माझ्या भावाला?"

मी उभी राहिले. पायरी शेवाळलेली होती, तोल जात होता, भिंतीला धरलं. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी मान वर केली नव्हती. 

"नाडा सोडू नका," मी म्हणाले. "एकदा मोटा थांबल्या की पाव तासाला चार बोटं पाणी येईल. तुमचं बांधून होईस्तवर ते तोंडाला लागलेलं असेल. माणसं आहेत ना? मग ती मोटेच्या नाड्याला लावा. बैल सोडा, माणसांनी मोट ओढा. सकाळच्या वेगानं ओढलीत तर अजून दीड-पावणेदोन तास आहे."

"तुला काय म्हाईत?"

"मी सकाळपासून मोजतेय."

"आन तुझं चुकलं तर?"

 मी परत पाण्याशी भिंतीवरच्या खुणेकडं बघितलं. तेव्हा खालून मामंजी बोलले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण विहिरीत घुमून वर गेला.

"दादा, ती म्हंती तसं करा."

 मग आत्याबाई उठल्या. सकाळपासून त्या काठावर बसून होत्या. त्यांनी बैलांच्या जुवावरून नाडा काढायला लावला, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि नाड्याला हात घातला. त्यांच्यामागं बायका, मग पुरुष. धावेवरून माणसं नाडा ओढत खाली पळायला लागली, परत वर यायला लागली. चुलत सासऱ्यांनीही दुसऱ्या नाड्याला खांदा दिला. 

पुढच्या पाव तासाला पुन्हा दोन बोटं. माणसांना लय बसायला वेळ लागला होता. आता पाच बोटं उरली. त्यानंतरच्या पाव तासाला एक. त्याच्या पुढच्यालाही एक. मी ठिपके द्यायचं सोडून दिलं होतं. मी पाण्यात उतरले होते आणि मामंजींची मान मागं कलती धरून ठेवली होती, कारण म्होरक्याचे हात गार पडून लाकूड झाले होते. पाणी त्यांच्या हनुवटीखाली होतं. त्यांच्या कानात पाणी जात होतं आणि ते वर आभाळाकडं बघत होते. मी मनात मोजत होते. आता तीन बोटं, मग दोन, मग एक.

मोटारीचा भोंगा मी आधी ऐकला नाही. वरच्या लोकांनी ऐकला. मागाहून कळलं, जतच्या दुरुस्तीवाल्याचं दुकान बंद होतं. तो लग्नाला गेला होता. नवऱ्यानं इकडं तिकडं हिंडून शेवटी अड्ड्यावर उभी असलेली सर्व्हिस मोटार गाठली. तिच्या ड्रायव्हरला सगळं सांगितलं. ड्रायव्हरनं उतारूंना विचारलं आणि उतारूंसकट मोटार आमच्या रानात घातली. पाटात चाक अडकलं तिथून नवरा आणि तो जॅक आणि लाकडी फळी घेऊन पळत आले.

नवऱ्यानं पाण्यात बुडी मारली. फळी खाली, तिच्यावर जॅक, धोंड्याच्या कडेला टेकवलेला. तो वर येऊन श्वास घ्यायचा, दांडा फिरवायला परत खाली जायचा. त्याच्या बुड्या मी मोजल्या नाहीत. धोंडा उचलला गेला तेव्हा मामंजींच्या अंगातून एक आवाज निघाला, रडण्यासारखा नाही, हसण्यासारखाही नाही. म्होरक्यानं आणि दुसऱ्या वडारानं त्यांना मागं ओढलं. पाय सुटला. मोटा ओढणाऱ्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, ते ओढतच होते.

पाटातून ढकलून काढलेल्या त्याच सर्व्हिस मोटारीनं त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. उतारू जतकडं चालत परत गेले. डॉक्टरांनी गुडघ्याखालचा पाय काढला. दगडाखाली इतके तास राहिलेला पाय वाचत नाही, असं ते म्हणाले.

आत्याबाईंनी त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही. एकदा चुलीशी बसलेल्या असताना त्या म्हणाल्या, "तवाच नाडा बांधून वढला असता तर पाय ऱ्हायला असता." मी ऐकून घेतलं. त्या म्हणतात ते खोटं आहे असं मला कधी सिद्ध करता आलं नाही. धोंडा कुठल्या बाजूला फिरला असता हे माझ्या रेघेत नव्हतं. मी फक्त पाणी मोजलं होतं. रात्री जाग आली की मला तो प्रश्न दिसायचा आणि मी परत पहिल्या ठिपक्यापासून सगळं मोजायला लागायची. नवरा जागा असायचा. "झोप," म्हणायचा. "बा हाय न्हवं." तेवढंच.

विहिरीला पाणी राहिलं. त्या वर्षी आमच्या रानात पहिल्यांदा उसाचा एक वाफा लागला. मामंजी कुबडी घेऊन बांधावर बसायचे. आता ते माझ्याशी बोलायचे. मोटेचं, बैलांचं, भाकरीत मीठ कमी पडल्याचं. त्या दिवसाविषयी मात्र एकदाच बोलले.

मी त्यांना ताक घेऊन गेले होते. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

"तू रेघा वढत हुतीस त्या काय गं?"

मी काडीनं मातीत दोन रेघा ओढल्या. ही वेळेची, ही पाण्याची. ठिपके दिले. एक मोट असताना कशी चढण, दोन असताना कशी, बैल थकल्यावर ठिपका कसा बाजूला पडला, सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. माझ्या हातातली काडी घेऊन त्यांनी शेवटच्या ठिपक्यापासून पुढं एक रेघ स्वतः ओढली, पण सरळ नाही, एकदम वर जाणारी.

"आन झरा असा मोठा झाला असता तर?"

"मग माझं चुकलं असतं, मामंजी."

"आन मी?"

मी तांब्या त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी त्या वर जाणाऱ्या रेघेकडं थोडा वेळ बघितलं. मग काडी टाकून दिली आणि तांब्या उचलला.

"लय गार हाय ताक," ते म्हणाले, आणि पिऊन टाकलं.